शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर

नववीच्या वर्गात मी एकदा विचारलं, “घरी कांदा कुणाकुणाच्या आहे?” जवळजवळ सगळे हात वर झाले. लासलगावच्या पंचक्रोशीतली शाळा, इथे हा प्रश्न विचारायचीही गरज नव्हती. मग दुसरा प्रश्न विचारला. “ट्रॉली बाजार समितीत शिरल्यापासून पट्टी हातात पडेपर्यंत सगळं कुणी पाहिलंय?” हात भराभर खाली गेले. चार उरले, आणि ते चारही मुलग्यांचे होते. कधीतरी ट्रॅक्टरवर वडिलांशेजारी बसून गेलेली ही पोरं. मुलींच्या बाजूला एकही हात नव्हता. ज्यांच्या घरी जमीनच नाही, ज्यांचे आईवडील दुसऱ्याच्या रानात कांदे लावायला आणि काढायला जातात, त्या मुलांचाही एक हात वर नव्हता.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. कांद्याचा भाव चढला किंवा कोसळला की दिल्लीच्या वर्तमानपत्रांतही तिचं नाव येतं. तिच्या भिंतीपासून वीस मिनिटांवर बसून माझ्या मुली भूगोल शिकत होत्या आणि त्या भिंतीच्या आत काय चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला त्या दिवशी स्वतःचाच राग आला. तोवर मी अकरा वर्षं शिकवत होते.

त्याच आठवड्यात आम्ही गेलो. बस नाही, वर्गणी नाही, खाऊची पाकिटं नाहीत. वही, पेन, पाण्याची बाटली घेतली आणि चालत निघालो.

आत ट्रॉल्या आणि पिकअप ओळीनं उभ्या होत्या. समितीचा कर्मचारी पुढे, त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका. एकानं ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून खालचे चार कांदे उपसले, दाबून पाहिले, मान नीट वाळली आहे का ते पाहिलं. बोली सुरू झाली ती मुलांना कळायच्या आत संपली आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकला. एक मुलगी मनगटावरच्या घड्याळात बघून मोजत होती. तिसऱ्या ट्रॉलीनंतर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाई, लागवडीपासून चार महिने. आणि भाव ठरायला चाळीस सेकंद.” मी तिला हे शिकवलं नव्हतं. कुठल्या पुस्तकातही ते नाही.

मग भुईकाटा. आधी भरलेली ट्रॉली, मग रिकामी, आणि दोन्हींची वजाबाकी म्हणजे माल. काट्यावरच्या माणसानं एक जुनी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा हिशेबाचा कागद, मुलांना दाखवली आणि ती त्यांनी ओळ न् ओळ उतरवून घेतली. हमाली म्हणजे काय, तोलाई म्हणजे काय, आणि काट्यावर वजन यंत्र करत असताना तोलाई कशाची, असं एकानं विचारलं. हा साधा प्रश्न नाही. हमाली-तोलाई शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की नाही, या वादात पुढे २०२४ साली नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. मोठ्या माणसांचा वाद, पण चौदा वर्षांच्या मुलानं पट्टी नुसती नीट वाचली आणि तो थेट त्याच्या मुळाशी पोचला.

शेवटी एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेलो. तिथे बायका ओळीनं बसून कांदा निवडत होत्या. मोठा माल एकीकडे, गोल्टी म्हणजे बारीक कांदा एकीकडे, खाद म्हणजे खराब माल बाजूला. मग बारदान भरायचं आणि सुतळीनं तोंड शिवायचं. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई त्या ओळीत होती. मुलीनं आधी नजर चुकवली, ती मागे मागे राहिली. पण बाकीच्या पोरी तिच्या आईभोवती जमल्या. मावशी, गोल्टी कुठवर धरायची? दिवसाला किती गोण्या होतात? कमरेला त्रास होतो का? आई आधी लाजली आणि मग बोलत राहिली. सगळा वर्ग तिचं बोलणं उतरवून घेत होता. परतताना तिची मुलगी रांगेत सगळ्यांत पुढे चालत होती.

याला आपल्या अभ्यासक्रमात ‘क्षेत्रभेट’ म्हणतात. आज ती मरणाला टेकली आहे आणि तिला वाचवा, एवढंच सांगायला मी हे लिहिते आहे.

दहावीच्या भूगोलाचं, भारत आणि ब्राझीलची तुलना करणारं पुस्तक ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल, त्यातला पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गहून निघालेली मुलं अलिबागला पोचतात. वाटेत जमीन, पिकं, घाट, घरं बदलत जातात, मुलं प्रश्न विचारतात, शिक्षक उत्तरं देतात. पुस्तक करणाऱ्यांनी हा धडा मनापासून लिहिला आहे. मुलांनी तो वाचावा आणि आपल्या गावातून बाहेर पडावं, अशी त्यांची इच्छा त्यात स्पष्ट दिसते. आपण त्याचं काय केलं? आपल्या मुलांना दुसऱ्या मुलांची क्षेत्रभेट पाठ करायला लावली. कारखान्याला भेट देण्यासाठी प्रश्नावली तयार करा, या प्रश्नाचं उत्तर गाइडमध्ये छापून मिळतं. मुलं ती प्रश्नावली उतरवतात, गुण मिळवतात आणि ज्याला हे प्रश्न विचारायचे तो माणूस त्यांना कधी भेटतच नाही. अहवाल लिहितात तोही न पाहिलेल्या जागेचा. पंधराव्या वर्षी आपण मुलांना न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहायला शिकवतो, याची मला फार खंत वाटते.

धोरणांत कुठेच काही उणं नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा, हे तत्त्व आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत सगळ्यांत वर ठेवलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत, आणि त्या दिवसांत सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा गावातल्याच जाणत्यांच्या हाताखाली मुलांनी शिकावं असं म्हटलं आहे. आपल्या राज्यात प्राथमिक वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ही आला. आणि महाराष्ट्राला तर हे कुणी बाहेरून शिकवायचीही गरज नव्हती. १९३७ साली वर्ध्यात भरलेल्या परिषदेत नई तालीमची मांडणी झाली, ती हाताचं काम आणि भोवतालचं जीवन यांतूनच शिक्षण द्यायचं म्हणून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात न्यायची, इतका सरळ विचार. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून मुलांच्या हातात वेल्डिंग, बांधकाम, शेतीची अवजारं दिली आणि गावाला लागणारी कामं शाळेच्या तासात आणली. एवढी शिदोरी पाठीशी असताना आमची मुलं शाळेच्या फाटकाच्या आतच का अडकली?

पहिलं कारण भीती आहे, आणि मी तिला क्षुल्लक म्हणणार नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली महाविद्यालयातली मुलं बुडाली. त्या घरांचं दुःख आठवलं की आजही अंगावर काटा येतो. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले ते योग्यच झालं. पण दोनशे किलोमीटरवर समुद्राला जाणारी बस आणि गावातल्या गावात पोस्टापर्यंत चालत जाणारा वर्ग यांना आपण एकाच मापानं मोजू लागलो. मुख्याध्यापकांना वाटतं, कशाला जबाबदारी घ्या. पालकांना वाटतं, कशाला उन्हात न्या. बाईंना वाटतं, चार अर्ज, चार सह्या, वर ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच, त्यापेक्षा वर्गात फळ्यावर काढून दाखवू. मी स्वतः दोन वर्षं असंच केलं आहे, त्यामुळे कुणा एका शिक्षकाकडे बोट दाखवत नाही.

दुसरं कारण सहल. सहल वाईट नाही, मुलांनी झोके खेळावेत, पाण्यात डुंबावं, गाणी म्हणत जावं. एसटी शैक्षणिक सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते ती याचसाठी. पण वर्षातून एक दिवस वॉटर पार्कला नेलं की ‘शैक्षणिक भेट झाली’ अशी नोंद होते, आणि त्या एका दिवसाच्या खर्चात पैशानं तंग असलेली घरं मागे राहतात. सहलीला न गेलेली मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात कशी बसतात ते प्रत्येक शिक्षकानं पाहिलं आहे. चालत जाण्याच्या भेटीला एक रुपया लागत नाही. तिच्यातून कुणी गळत नाही.

तिसरं, पडदा. साखर कारखाना कसा चालतो याची चित्रफीत दहा मिनिटांत दाखवता येते, म्हणून कारखान्यात कशाला जायचं, असा प्रश्न मला एका सभेत विचारला गेला. चित्रफितीत सगळं दिसतं, हे मान्य. गव्हाणीत पडणारी मोळी दिसते, चिपाड बॉयलरकडे जाताना दिसतं. पण मळीचा वास येत नाही. कारखान्याबाहेर बैलगाड्यांच्या रांगेत झोपलेलं, आपल्याच वयाचं ऊसतोड कामगाराचं पोर दिसत नाही, कारण ते कुणी चित्रात घेत नाही. आणि चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही.

मुलांच्या प्रश्नांनी काय होतं ते सांगते. सहावीचा वर्ग घेऊन आम्ही एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण असं कुठल्याही गावात घडू शकतं. ग्रामसेवकांनी मुलांना नमुना आठ दाखवला. प्रत्येक घराची आकारणी त्यात असते. मुलांनी आपापल्या घराचा नंबर शोधला, घरपट्टी किती, पाणीपट्टी किती ते पाहिलं. मग जलसुरक्षक आले. नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यांनी औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. मुलांना ही जादूच वाटली. एवढ्यात मागच्या ओळीतल्या एका मुलानं विचारलं, “टाकी शेवटची कधी धुतली?”

खोलीत जरा शांतता पसरली. वही काढली गेली, पानं उलटली गेली. तारीख सापडली नाही. धुतली असणार, पण लिहिलेली नव्हती. ग्रामसेवक भले माणूस होते. ते मुलाला म्हणाले, “तुझं बरोबर आहे, हे लिहिलेलं पाहिजे.” पुढच्या आठवड्यात टाकीवर रंगानं दोन तारखा आल्या, एक धुतल्याची आणि एक पुढे धुवायची. त्या वर्षी मुलं शाळेला जाता-येता मान वर करून ती तारीख वाचत, आणि ती टळली असती तर पंचायतीत चौकशी करायलाही गेली असती. एवढं काम एका प्रश्नानं केलं.

म्हणून मी म्हणते की क्षेत्रभेट मुलांवरचा उपकार नाही, संस्थांनाही तिची गरज आहे. ज्या कार्यालयात वर्षातून दोनदा अकरा वर्षांची चाळीस मुलं वही घेऊन येतात, तिथली नोंदवही जरा अधिक नीट राहते. हे मी वीस वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तिला उत्तर द्यायला मला बँकेतली एक सकाळ पुरेशी आहे. सातवीची एक मुलगी फाटलेली वीस रुपयांची नोट घेऊन आली होती. आजीनं लुगड्यात गुंडाळून ठेवली होती, ती धुण्यात गेली आणि मोठा तुकडा तेवढा उरला. रोखपालांनी ती काचेवर ठेवली. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अखंड तुकडा अर्ध्याहून मोठा असेल तर पूर्ण पैसे मिळतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम त्यांनी सांगितला. मग त्यांनीच सुचवलं, मोजून पाहा. मुलांनी आलेख वहीचा कागद खाली धरून चौकोन मोजले. पूर्ण नोट किती चौकोनांची, तुकडा किती चौकोनांचा, अर्धे चौकोन कसे धरायचे. त्यावर दोन गटांत भांडण झालं. ज्या क्षेत्रफळावर मी वर्गात सहा तास घालवले होते आणि तरी निम्मा वर्ग अडखळत होता, ते त्या काउंटरपाशी अर्ध्या तासात सगळ्यांना कळलं, कारण त्यावर आजीचे वीस रुपये अवलंबून होते. बाहेर पडताना मुलं कॅशच्या तिजोरीकडे पाहत होती. तिला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात, हे कळल्यावर विश्वास आणि तपासणी या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात यावर शाळेपर्यंत चर्चा चालली.

पोस्टातही तसंच. पिन कोड सगळ्यांना पाठ असतो, पण त्यातला ‘४२२’ नाशिकचा आणि पुढचे तीन आकडे आपल्या टपाल कचेरीचे, हे आमच्या मुलांना पोस्टमास्तरांनी पत्रं वर्गवार लावताना दाखवलं. ही पद्धत १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतात कविता लिहिणारे होते, हे ऐकून एका मुलानं विचारलं, “कविता लिहिणारा माणूस असलं काम पण करतो?” त्याच्या डोक्यात काहीतरी मोकळं झालं असणार.

लासलगावलाच एवढं सगळं आहे की पूर्ण वर्षही पुरणार नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली इथे ‘कृषक’ केंद्र उभारलं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांमुळे कांद्याला मोड येत नाहीत. २००७ साली अमेरिकेनं भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडलं तेव्हा पहिली खेप याच केंद्रातून किरणं घेऊन गेली. म्हणजे कोकणातला हापूस अमेरिकेला निघाला तो आमच्या गावावरून, आणि गावातल्या मुलांना त्या इमारतीत काय होतं ते ठाऊक नाही. एसटीचं आगार आहे. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली हे मुलं पाठ करतात, पण आगारात रात्री गाडी आली की तिचं काय काय तपासतात ते त्यांना पाहायला मिळत नाही. थोडं पलीकडे ओझरला बापू उपाध्ये आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं वाघाड धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, वाटप आपणच करायचं, टोकाच्या शेतालाही पोचवायचं. लोकशाहीचा धडा शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. कालव्याच्या कडेला उभं राहून आवर्तन म्हणजे काय ते ऐकलेल्या मुलांना नागरिकशास्त्र पुन्हा शिकवावं लागत नाही.

आणि हे काही आमच्या निफाड तालुक्याचंच नाही. इचलकरंजीत यंत्रमागाचा खडखडाट शाळेच्या खिडकीतून आत येतो. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाचा कारखाना आणि मच्छीमार सोसायटी आहे. वारणानगरच्या दूध संघात फॅट आणि एसएनएफवर दुधाचा भाव ठरतो, आणि गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे आकडे का, हा प्रश्न गणित, रसायन आणि अर्थशास्त्र तिन्ही तासांचा आहे. सावंतवाडीला लाकडी खेळण्यांची चितारआळी आहे, धारावीत कुंभारवाडा आहे, गोव्यात पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी आहे. शाळेजवळ काहीच नाही असं गाव मला दाखवा. रेशनचं दुकान तरी असेलच, पिठाची गिरणी तरी असेलच.

त्या पहिल्या चार हातांकडे मी पुन्हा पुन्हा येते, कारण माझं म्हणणं तिथेच आहे. ज्याच्या वडिलांचा ट्रॅक्टर आहे तो मुलगा लिलाव कधी ना कधी पाहीलच. ज्याच्या घरी बँकेचा व्यवहार चालतो तो काउंटरची भाषा घरीच शिकेल. सरपंचाच्या घरचं मूल ग्रामपंचायतीत न विचारता शिरतं. शाळेनं नेलं नाही तर या जागा कायमच्या बंद राहतात त्या मुलींना, भूमिहीनांच्या, स्थलांतरितांच्या मुलांना. ती मुलं मोठी होऊन त्याच कार्यालयांच्या पायऱ्यांवर अर्ज हातात धरून उभी राहतात. कुठल्या खिडकीत जायचं ते त्यांना कळत नाही आणि त्यांना कुणीही दामटतं. शाळेनं एकदा आत नेलेलं मूल वेगळ्या पावलानं आत शिरतं. क्षेत्रभेट बंद पडली तर गावातल्या सुखवस्तू मुलांचं फारसं बिघडणार नाही. बिघडेल ते बाकीच्यांचं.

आता मागणं मागते, आणि ते स्पष्ट मागते.

पालकांनो, शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा तुम्हाला दिल्या आहेत. जूनच्या पहिल्या सभेत एक ठराव आणा: आपल्या शाळेतला प्रत्येक वर्ग वर्षात चार वेळा चालत जाण्याच्या अंतरावरची एक संस्था पाहील. संमतीपत्रावर वर्षाची एकदाच सही करा, म्हणजे बाईंना दर वेळी कागद गोळा करत फिरावं लागणार नाही. आणि जमेल त्यानं रांगेच्या मागे चालायला या. एका वर्गामागे दोन मोठी माणसं असली की भीतीचं निम्मं ओझं उतरतं.

मुख्याध्यापकांनो, गावातल्या गावात चालत जाण्यासाठी वेगळी सोपी पद्धत ठरवा. परवानगीचा अर्ज एका पानाचा असू द्या. अहवालासाठी फोटो मागू नका, मुलांच्या प्रश्नांची वही मागा. फोटो मागितले की भेट फोटोपुरतीच होते, हे आपण सगळे जाणतो.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तयारीला एक तास द्या, त्याहून जास्त लागत नाही. आदल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न लिहून घ्या. ‘या यंत्राचं नाव काय’ असले प्रश्न बाजूला ठेवा, ‘हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात’ आणि ‘हे चुकलं तर काय होतं’ असले घ्या. वर्ग मोठा असेल तर दोन फेऱ्या करा, चाळीस मुलांनी एका माणसाला घेरलं की मागच्या वीस जणांना काही ऐकू येत नाही. आणि जमलं तर त्याच जागी वर्षाअखेरीस पुन्हा जा. पहिल्या भेटीत मुलं यंत्र बघतात, दुसऱ्या भेटीत माणसं बघतात.

बाजार समितीच्या सचिवांना, बँकांच्या शाखा व्यवस्थापकांना, दूध संघांना, आगार व्यवस्थापकांना, कारखानदारांना हात जोडून सांगते: महिन्यातला एक तास शाळांसाठी राखून ठेवा आणि तो वार-वेळेसकट दारावर लिहा. मुलांना सभागृहात बसवून भाषण देऊ नका, जिथे काम चालू आहे तिथे न्या. माहिती देण्यासाठी साहेब नको, काटा चालवणारा माणूस द्या, बॉयलरपाशी असणारा द्या, खिडकीत बसणारी बाई द्या. आणि एखादा अवघड प्रश्न आला तर रागावू नका.

ग्रामपंचायतींनो, येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांसाठी पंधरा मिनिटं ठेवा. त्यांनी वर्षभरात काय पाहिलं ते त्यांनाच सांगू द्या.

मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पण बाजार समितीची वाट अजून तशीच वीस मिनिटांची आहे, आणि खळ्यावरच्या त्या मावशी अजून तिथेच कांदा निवडतात. निफाड तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं हाक मारली तर मी वर्गासोबत चालायला येईन, रांगेच्या मागे, ज्यांना आत शिरायला संकोच वाटतो त्या मुलींच्या बरोबर. लिलाव सुरू व्हायच्या अर्धा तास आधी शाळेच्या फाटकाशी उभी असेन.